गळका पाइप कोणाचा? त्रिनिदादमधल्या एका तक्रारीचा प्रवास

त्रिनिदाद बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर ला ब्रेया नावाचं गाव आहे आणि तिथे डांबराचं तळं आहे. खरंखुरं तळं, सुमारे शंभर एकरांचं. नैसर्गिक डांबराचा जगातला सर्वांत मोठा साठा तो हाच. वरचा थर इतका घट्ट की माणूस त्यावरून सहज चालतो. फार वेळ एका जागी उभं राहिलं तर मात्र चपला रुतायला लागतात. १५९५ मध्ये सर वॉल्टर रॅलेने इथलं डांबर घेऊन आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या. एकोणिसाव्या शतकात ते अमेरिकेला गेलं आणि वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर पसरलं. एवढं डांबर ज्यांच्या पायाखाली आहे त्यांना 'काय म्हणताय' विचारा. निम्मी माणसं खड्ड्यांपासून सुरुवात करतात आणि उरलेली निम्मी पाण्यापासून.

खुद्द ला ब्रेयाला निदान एक सबब आहे. जमिनीखाली डांबर सरकत असल्यामुळे रस्ता लाटेसारखा वरखाली होतो, घरं कलतात. बाकीच्या देशाकडे ती सबब नाही. त्रिनिदाद आणि टोबॅगो हा जेमतेम १४ लाख वस्तीचा देश, म्हणजे पुणे शहराच्या निम्म्याहून कमी. तेल आहे, नैसर्गिक वायू आहे. १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, १९७६ मध्ये प्रजासत्ताक झालं, निवडणुका वेळेवर होतात आणि हरलेला पक्ष मुकाट्याने खुर्ची सोडतो. तरीही नळाला आठवड्यातून दोन-तीन दिवसच पाणी येणारी गावं आहेत.

याचं सोपं उत्तर 'सगळे चोर आहेत' हे आहे, आणि तिथल्या टॅक्सीत बसलं की पहिल्या सिग्नलच्या आत ते ऐकायला मिळतं. मला ते उत्तर आळशी वाटतं. चोर असतीलच, कुठे नसतात? पण तिथली व्यवस्था अशी बांधली गेली आहे की तीत प्रत्येक जण खरं बोलून हात वर करू शकतो. ते कसं, हे बघायला एखाद्या घोटाळ्यापेक्षा एक गळका पाइप बरा.

समजा, तुम्ही दक्षिण त्रिनिदादमधल्या एका गावात, एका 'ट्रेस'वर राहता. आडरस्त्याला तिथे ट्रेस म्हणतात. शेजारी एक आजी राहतात. होय, आजीच. १८४५ ते १९१७ या काळात उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचे वंशज वडिलांच्या आईला अजून आजीच म्हणतात. ही माणसं बहुतेक भोजपुरी मुलखातली, मराठी नव्हेत, पण शब्द आपल्या कानाला घरचा वाटतो. आजींच्या घरामागे लोखंडी घडवंचीवर प्लास्टिकची काळी टाकी आहे, खाली एक पंप आहे, आणि पंपावर भरवसा नाही म्हणून पागोळ्याखाली दोन पिंपं आहेत. ज्या रात्री पाणी यायचं असतं त्या रात्री नळ आधी खोकतो, मग फुसकारतो, मग तांबूस पाणी ओकतो आणि मग कुठे धार लागते. आजी त्या खोकल्याला जाग्या होतात. गजराची गरज नाही.

आणि नेमका याच ट्रेसवर, आजींच्या फाटकासमोर, रस्त्याखालचा पाइप फुटला आहे. ज्या दिवशी नळाला पाणी त्या दिवशी रस्त्यावर ओहोळ.

तुम्ही फोन करता तो 'वासा'ला. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण पाहणारी ही सरकारी संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली आणि सबंध देशात नळाला पाणी देण्याचं काम तिच्याकडे आहे. फोन उचलला जातो, तक्रारीचा नंबर मिळतो. पुढे काय होतं ते कळायला वासाच्या खिशात डोकवावं लागतं.

वासाचे पाण्याचे दर १९९३ पासून वाढलेले नाहीत. पुन्हा वाचा: १९९३. तेव्हा जन्मलेलं पोर आज स्वतः घरमालक आहे आणि त्याच दराने बिल भरतं. बहुतेक घरांना मीटर नाही. बिल घराच्या करपात्र मूल्यावरून ठरतं, किती पाणी वापरलं यावरून नाही. दर ठरवायला एक स्वतंत्र नियामक आयोग आहे, तो अभ्यास करतो, सुनावण्या घेतो, पण दरवाढीची वेळ आली की निवडणूक जवळ आलेली असते, किंवा नुकतीच होऊन गेलेली असते. मग तूट कोण भरतं? सरकार. दरवर्षी अंदाजे दोन अब्ज टीटी डॉलर. एक टीटी डॉलर म्हणजे साधारण साडेबारा-तेरा रुपये. हिशेब तुम्हीच करा. आणि तयार केलेल्या पाण्यातलं जवळपास निम्मं पाणी वाटेत गळतं, कारण पाइप जुने आहेत आणि दुरुस्तीचे पैसे पगार आणि देण्यांत जातात.

इथे एक गंमत लपलेली आहे, आणि ती समजली की निम्मा विषय समजतो. कागदावर पाणी स्वस्त आहे, घरात ते महाग आहे. टाकी, घडवंची, पंप, पंपाची वीज, कोरड्या दिवसांत मागवलेला टँकर, प्यायला बाटल्या असं सगळं धरलं तर आजी पाण्यावर बिलाच्या कितीतरी पट खर्च करतात. पण तो पैसा वासाकडे जातच नाही. त्यामुळे वासाच्या दृष्टीने आजी गिऱ्हाईक नाहीत. वासाचं खरं गिऱ्हाईक अर्थमंत्री आहे, कारण पैसे तो देतो. आणि माणूस ज्याच्याकडून पैसे घेतो त्याच्याकडेच तोंड करून उभा राहतो.

दुसरं उदाहरण पॉइंट लिसासचं. तिथे मोठी औद्योगिक वसाहत आहे, आणि २००२ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे. कारखान्यांना पाणी अखंड हवं, म्हणून तो उभा राहिला. कारखाना तक्रार करतो तेव्हा त्यामागे वायूचा महसूल असतो. आजींच्या तक्रारीमागे काही नसतं.

मालमत्ता कराचीही हीच कथा. नव्या पद्धतीचा कर आणायचं ठरलं तेव्हा 'कर उडवा' अशी जोरदार मोहीम झाली, २०१० च्या निवडणुकीत सरकार पडलं आणि वसुली थांबली. ती थेट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि २०२५ मध्ये नव्या सरकारने कायदाच रद्द केला. लोक खूश झाले, मीही झालो असतो. पण या कराचे पैसे स्थानिक महामंडळांना मिळणार होते. त्रिनिदादमध्ये अशी १४ महामंडळं आहेत, आपल्याकडच्या नगरपालिका-जिल्हा परिषदांसारखी. कर गेला, म्हणजे गटारापासून गवत कापण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी त्यांना राजधानीकडे हात पसरावा लागतो. नगरसेवक निवडून येतो ट्रेसमधून आणि त्याचं पाकीट असतं पोर्ट ऑफ स्पेनमध्ये.

पाकिटाचा हा विषय थोडा लांबला, पण त्याशिवाय पुढचं कळलं नसतं.

आता परत फाटकासमोर. समजा वासाचे लोक आले. पाइप रस्त्याखाली आहे, तेव्हा रस्ता खोदावा लागणार. रस्ता कोणाचा? महामार्ग आणि मुख्य रस्ते बांधकाम मंत्रालयाचे. गावातले रस्ते महामंडळाचे. शेताकडे जाणारे कृषी खात्याचे. सरकारी घरकुलांतले गृहनिर्माण महामंडळाचे. कॅरोनी ही सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली. तिच्या मळ्यांतल्या वाटांचा वारस कोण, हा आणखी वेगळा प्रश्न. आणि यांपैकी कोणाचेच नसलेले रस्तेही आहेत. कोणीतरी जमिनीचे तुकडे पाडून विकले, मध्ये वाट सोडली, ती कोणत्याही संस्थेने ताब्यात घेतली नाही. अशा रस्त्यांना तिथे 'अनाथ रस्ते' म्हणतात, आणि हा शब्द कोण्या कवीचा नाही, मंत्री सर्रास वापरतात.

आजींची ट्रेस अनाथ आहे की महामंडळाची, हे शोधण्यात तीन आठवडे जातात. या तीन आठवड्यांत तुम्ही नगरसेवकाला भेटता; तो म्हणतो पाइप वासाचा. वासा म्हणते रस्ता महामंडळाचा. महामंडळ म्हणतं यादीत ही ट्रेस नाही. खासदाराच्या ऑफिसात एक बाई सगळं वहीत लिहून घेतात, अगदी मनापासून. यांतलं कोणीही खोटं बोललेलं नाही. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही आपली म्हण तिथे तरजुमा करून सांगावी लागत नाही.

ठीक आहे, खालचे लोक हतबल आहेत. मंत्री काय करतो? मंत्री काहीच करू शकत नाही असं नाही, पण त्याच्या हातात वाटतं तेवढं नसतं. सरकारी नोकर नेमणं, बढती देणं, शिस्तभंगाची कारवाई करणं हे काम लोकसेवा आयोगाचं. आपल्या एमपीएससीसारखी भरती तर तो करतोच, शिवाय कामचुकाराला काढायचं तरी फाइल त्याच्याकडेच जाते. हेतू चांगला होता: नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात सत्ताधारी पक्षाने आपली माणसं भरू नयेत. झालं असं की वाईट मंत्र्यालाही माणूस काढता येत नाही आणि चांगल्यालाही.

मग मंत्र्यांनी पळवाट काढली: सरकारी कंपन्या. कंपनीला आयोगाचे नियम नाहीत, संचालक मंडळ सरकार नेमतं, कामं झपाट्याने देता येतात. बांधकामाला कंपनी, शाळांना कंपनी, ग्रामीण विकासाला कंपनी. काम खरंच लवकर होऊ लागलं, पण हिशेब अंधारात गेला. सरकारी बांधकाम क्षेत्रातल्या कारभारावर २००८ मध्ये प्राध्यापक जॉन उफ यांचा चौकशी आयोग बसवावा लागला, त्यात 'उडेकॉट' ही सरकारी बांधकाम कंपनी मध्यभागी होती, आणि आयोगाचा अहवाल यायच्या सुमाराला तिच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. आणि निवडणूक झाली की संचालक मंडळं बदलतात, त्यांच्याबरोबर आराखडेही. वासाचा कारभार १९९६ मध्ये एका ब्रिटिश कंपनीकडे दिला होता, १९९९ मध्ये तो करार संपला आणि पुढे वाढवला नाही. त्यानंतर सुधारणेच्या किती योजना आल्या आणि गेल्या, वासाचा एखादा निवृत्त कर्मचारीच बोटांवर मोजून सांगू शकेल.

नोकऱ्यांचंही तेच. 'सेपेप' हा गावं स्वच्छ ठेवण्याचा सरकारी कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला. रस्त्याच्या कडेला गवत कापणाऱ्या टोळ्या दिसल्या की समजायचं सेपेप. गरिबाला त्यातून पगार मिळत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कंत्राटदार कोण, हे कोणत्या पक्षाचं राज्य आहे यावर ठरतं असा लोकांचा ठाम समज आहे. एप्रिल २०२५ मध्ये कमला प्रसाद-बिसेसर यांचा पक्ष निवडून आला आणि जून अखेरीस सेपेपची तीनशेहून जास्त कंत्राटं एका फटक्यात रद्द झाली. दहा हजारांवर कामगार घरी बसले. एका बाजूने पाहिलं तर घाण साफ केली, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ताट हिसकावलं. तिथल्या बोलीत कंत्राटं लाटण्याला 'जेवण खाणं' म्हणतात. आपण नुसतं 'खाणं' म्हणतो, एवढाच फरक.

संसद आहे ना, असा प्रश्न इथे पडायला हवा. आहे, आणि तिच्या समित्यांच्या सुनावण्या टीव्हीवर लागतात, लोक चवीने बघतातही. अडचण आकाराची आहे. खालच्या सभागृहात ४१ जागा. सत्ताधारी बाजूचे २१ ते २९ सदस्य, आणि त्यांतले बहुतेक मंत्री किंवा राज्यमंत्री. आपल्या संसदेत मागच्या बाकांवरचे शेकडो सत्ताधारी खासदार असतात. ते बोलतात की नाही हा वेगळा भाग, निदान असतात. त्रिनिदादमध्ये मागचा बाकच नाही. सरकारला जाब विचारणारे आणि सरकार हे बहुतांशी एकच लोक.

लहान बेटांवर तर हे हास्यास्पद टोकाला जातं. बार्बाडोसमध्ये ३० जागा आहेत. २०१८ मध्ये एका पक्षाने तिसाच्या तीस जिंकल्या, २०२२ मध्ये पुन्हा तीस. विरोधी पक्षनेता हवा म्हणून कोणीतरी सत्ताधारी बाकावरून उठून पलीकडे जाऊन बसावं लागलं, आणि दोन्ही वेळा कोणीतरी खरोखर गेलं. ग्रेनाडात १५ पैकी १५ असा निकाल १९९९, २०१३ आणि २०१८ असा तीनदा लागला. सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधकाकडे असावं, असा संकेत ब्रिटिशांकडून आलेला. विरोधकच नसेल तर?

देश लहान असण्याचा दुसरा चटका घरगुती आहे. १४ लाखांच्या देशात प्रत्येक जण प्रत्येकाला दोन माणसांपलीकडून ओळखतो. ज्या कारकुनाविरुद्ध लेखी तक्रार करायची तो तुमच्या भाचीच्या शाळेतल्या मित्राचा बाप निघतो. त्यामुळे लोक रेडिओच्या फोन-इन कार्यक्रमात सरकारला वाटेल ते बोलतात, आणि प्रत्यक्षात कागद पुढे करायची वेळ आली की 'लिंक' शोधतात. लिंक म्हणजे वशिला. लिंकने तुमचं काम होतं, आणि तुमचं झालं की व्यवस्थेवरची ती एक तक्रार कमी होते. मला वाटतं, चोरीपेक्षा हे जास्त नुकसान करतं.

दाद मागायच्या जागा मात्र कागदावर भरपूर आहेत. १९७६ च्या राज्यघटनेने लोकपाल दिला, तिथे त्याला ओम्बुड्समन म्हणतात. आजी त्यांच्याकडे फुकट जाऊ शकतात आणि अनेक जण जातातही. ते चौकशी करतात, खात्याला पत्र लिहितात, शिफारस करतात. हुकूम देऊ शकत नाहीत. महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्याने लोकायुक्त नेमला तेव्हा आपल्याकडेही हाच रडका सूर होता: दात नसलेला वाघ.

नेत्यांची संपत्ती तपासायला सचोटी आयोग आहे. त्याचं २००९ हे साल सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्षाच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने ठरवलं की आयोगाने एका राजकीय नेत्याला अन्यायाने वागवलं. सगळ्या सदस्यांनी राजीनामे दिले. मे महिन्यात नवा आयोग आला, अध्यक्ष एक धर्मगुरू. काही दिवसांतच उघड झालं की त्यांच्या वृत्तपत्रातल्या सदरांत दुसऱ्यांचं लेखन नाव न देता आलं होतं. त्यांनीही राजीनामा दिला, आणि आयोगाची खुर्ची पुन्हा रिकामी.

माहितीचा अधिकार हे त्यातल्या त्यात धारदार हत्यार. त्रिनिदादने तो कायदा १९९९ मध्ये केला. आपल्याकडे गोव्याने १९९७ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये. अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यायचं, हे दोन्हीकडे सारखं. पण आपल्याकडे उत्तर दिलं नाही तर माहिती आयुक्त त्या अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. दंड किती वेळा होतो हे आपल्याला माहीत आहे, तरी भीती असते. त्रिनिदादमध्ये माहिती आयुक्त नाही, दंडही नाही. नकार आला तर लोकपालाकडे जा, म्हणजे पुन्हा शिफारस. नाहीतर उच्च न्यायालयात. गळक्या पाइपसाठी वकील करणारी आजी अजून जन्माला यायची आहे.

आणि कोर्टात गेलंच, तर शेवटचं न्यायालय कुठे? लंडनला. प्रिव्ही कौन्सिल. कॅरिबियन देशांनी स्वतःचं न्यायालय २००५ मध्ये सुरू केलं, त्याचं मुख्यालय पोर्ट ऑफ स्पेनमध्येच आहे, गावसकरांनी १९७१ मध्ये १२४ आणि २२० केले त्याच शहरात. तरी यजमान देशाची अंतिम अपिलं अजून सात हजार किलोमीटरवर जातात. अनेक त्रिनिदादी लोकांना हेच बरं वाटतं: तिथले न्यायाधीश कोणाचे मेहुणे नाहीत.

याच लंडनपर्यंत महालेखापालांचं प्रकरणही पोचलं. २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सांगितलं की आधी दिलेल्या हिशेबात सरकारचा महसूल सुमारे २.६ अब्ज टीटी डॉलरने कमी दाखवला गेला होता, आणि सुधारलेला हिशेब पुढे केला. तो घेण्यावरून वाद पेटला, मंत्रिमंडळाने चौकशी बसवली, महालेखापाल त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. कोण बरोबर, हा कायद्याचा प्रश्न. सामान्य माणसाने एवढंच ऐकलं: हिशेब चुकला होता, आणि भांडण तपासणारीशी झालं.

सरकारी खरेदीचा कायदा तर उशिराचा नमुनाच. निविदांमधली खाबूगिरी रोखायला २०१५ मध्ये संसदेने कायदा केला. नियामक नेमला २०१८ मध्ये. मधल्या काळात दुरुस्त्या होऊन काही व्यवहार त्याच्या कक्षेबाहेर गेले. कायदा पूर्णपणे लागू झाला एप्रिल २०२३ मध्ये. कारण तिथे संसदेने मंजूर केलं म्हणजे अंमल सुरू होतोच असं नाही, वेगळी घोषणा करावी लागते, आणि घोषणा कधी करायची ते सरकार ठरवतं.

आता एक गोष्ट, जिच्यापुढे गळका पाइप लिहायची लाज वाटते. २५ फेब्रुवारी २०२२. पॉइंट-आ-पिएर बंदरात पाण्याखालच्या तेलवाहिनीची दुरुस्ती चालली होती. वाहिनी ३० इंच रुंद, मालकी पारिया या पूर्णपणे सरकारी इंधन कंपनीची, काम एका खासगी कंत्राटदाराचं. दाबातल्या फरकाने पाच पाणबुडे त्या पाइपात ओढले गेले. एक जण काही तासांनी अंधारातून, तेलातून सरपटत बाहेर आला आणि त्याने सांगितलं, बाकीचे आत जिवंत आहेत. घरचे लोक फाटकाबाहेर उभे होते. आत जायला तयार असलेल्या पाणबुड्यांना कंपनीने उतरू दिलं नाही. चौघेही मेले.

चौकशी आयोग बसला, अध्यक्ष जेरोम लिंच. सुनावण्या थेट दाखवल्या गेल्या. कामधंदा सोडून लोक बघत होते. आयोगाने कंपनीवर कडक ताशेरे ओढले, मनुष्यवधाच्या आरोपाखाली खटल्याची शिफारस केली, आणि अहवाल जानेवारी २०२४ मध्ये संसदेत मांडला गेला. इथे आयोगाचं काम संपतं. आयोग शिक्षा देत नाही, भरपाईचा हुकूम देत नाही. फाइल सरकारी अभियोग संचालकाकडे जाते, तिथे माणसं कमी आणि फाइली ढीगभर. १९९० मध्ये या देशात सशस्त्र बंड झालं, संसदेत खासदार ओलीस होते. त्याचा चौकशी आयोग बसला २०१० मध्ये आणि अहवाल आला २०१४ मध्ये. चोवीस वर्षं. आयोग म्हणजे भिजत घोंगडं, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

मग माणसं करतात काय? एक तर गातात. कार्निव्हलच्या दिवसांत कॅलिप्सो या तिथल्या लोकगाण्यांचे तंबू लागतात आणि गायक नावं घेऊन मंत्र्यांची सालटी काढतात. आपल्या वगातला सोंगाड्या आठवावा. हॉलिस लिव्हरपूल हे मूळचे शाळामास्तर, गायचे 'चॉकडस्ट' म्हणजे खडूची भुकटी या नावाने, आणि सरकार कोणतंही असो त्यांनी सोडलं नाही. मंत्री पहिल्या रांगेत बसून हसतात. हसणं हीच भरपाई.

दुसरं म्हणजे रस्ता अडवतात. जुने टायर, मोडका फ्रिज, फांद्या आडव्या टाकायच्या, पहाटे चारला पेटवायच्या आणि टीव्हीवाल्यांना फोन करायचा. बॅरकपोर, मोरुगा, पेनाल या भागांत हे इतकं नेहमीचं आहे की कामावर जाणारे लोक आदल्या रात्रीच विचारून ठेवतात, उद्या कुठे पेटणार आहे. हे बेकायदा आहे आणि रुग्णवाहिकाही अडकतात. पण या सगळ्या साखळीत टायर हा एकच अर्ज असा आहे जो एकाच वेळी वासा, महामंडळ, बांधकाम मंत्रालय, खासदार आणि पोलीस यांच्या टेबलावर पडतो. 'माझ्या खात्याचं नाही' म्हणायला धूर वाव देत नाही. टायर जाळणाऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, तुमच्या लिंकचं नाव काय?

आजींच्या ट्रेसच्या तोंडाशीही समजा एक दिवस टायर पेटले. दुपारी वासाची गाडी आली. चार माणसं, एक खोदयंत्र, संध्याकाळपर्यंत नवा जोड बसला. गळती थांबली. खड्ड्यात माती आणि खडी भरली आणि मुकादम म्हणाला, डांबर टाकणारी टोळी वेगळी, ती येईल. पावसाळा जूनला सुरू झाला, माती वाहून गेली. आजींनी खड्ड्यात केळीचा एक खुंट उभा करून ठेवला आहे, रात्री कोणी पडू नये म्हणून. त्याला आता पालवी फुटली आहे.